तोंडातल्या टाचण्या

आमच्या घरात दोन बायका सुईवर पोट भरतात. मी कापडात सुई घालते, सूनबाई माणसांत. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. सकाळी सातला बाहेर पडते, दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचते आणि चारला घरी येते. माझं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे एक मोठी खिडकी, खिडकीला लागून मशीन, मधे कापायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्री आणि मशीनच्या बरोब्बर समोर भिंतीवर टीव्ही. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. जगाला वर-खाली पोचवतो, पण घरात आईचं आणि बायकोचं वाजलं की स्वतः दोन मजल्यांच्या मधे अडकून बसतो. त्याला हाका मारून उपयोग नसतो.

दोन नातवंडं. थोरला पाच वर्षांचा. त्याला आम्ही वकील म्हणतो, कारण दूध पी म्हटलं तरी तो आधी कारण विचारतो. धाकटी तेव्हा दोन वर्षं चार महिन्यांची होती. ती गुंडी. हातातून सुटली की घरंगळत कुठल्या कपाटाखाली जाईल याचा नेम नाही, म्हणून गुंडी. सून कामाला लागल्यापासून दोघं दिवसभर माझ्याकडे. वकील बाराला शाळेतून यायचा, गुंडी सकाळपासूनच.

आता गरम इस्त्री, हातभर कात्री आणि दोन पोरं एका खोलीत ठेवून बघा, म्हणजे कळेल टीव्ही कशाला लागतो. पण मी काही पोरांना टीव्हीसमोर टाकून देणाऱ्यातली नाही. माझा नियम होता. एक बॉबिन. मशीनखालची बॉबिन नवी भरली की पोरांचं कार्टून सुरू, बॉबिनचा दोरा संपला की टीव्ही बंद. साधारण तासभर. घड्याळाशी पोरं वाद घालतात, संपलेल्या दोऱ्याशी कोण घालणार? शेजारपाजारच्या पोरी मला विचारायला यायच्या, आजी, तुम्ही कसं जमवता? मी सांगायची, अंगात शिस्त असावी लागते.

म्हणून डॉक्टरीण बाईंकडे गेलो तेव्हा मी मान ताठ ठेवूनच बसले होते.

गेलो होतो गुंडीसाठी. पोरगी सगळं समजायची. चप्पल आण म्हटलं की आणायची, नको म्हटलं की मुद्दाम करायची. पण बोलायची सातच शब्द. सूनबाईंनी फ्रिजवर कागद चिकटवून त्यावर लिहून ठेवले होते. दोन शब्द जोडून तर एकदाही बोलली नव्हती. डॉक्टरीण बाईंनी कान तपासले, घसा बघितला, ठोकळे दिले, चेंडू लपवला. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी पेन उचललं.

"घरात टीव्ही किती वेळ असतो?"

"एक तास," मी सूनबाईंच्या आधी सांगून टाकलं. "तोही मोजून."

"आजी," वकील खुर्चीवर उभा राहिला. "आणि तुझी सकाळची मालिका?"

"ती माझी आहे. ती पोरांची नाही."

"पण आम्ही तिथेच असतो की. आणि दुपारची, ज्यात एक वाईट बाई नुसती पायऱ्यांवर उभी असते ती. आणि मग तेच परत दाखवतात ते. आणि आजी कापत असते तेव्हा बातम्या. आणि कुणी बघत नसलं तरी चालू असतो, कारण आजी म्हणते घर सुनं वाटतं."

डॉक्टरीण बाई लिहीत होत्या. मी वकिलाकडे असं बघितलं की दुसरं पोर असतं तर खुर्चीखाली गेलं असतं. हा उलट बोटं मोजायला लागला.

"साधारण सात तास झाले," बाई शांतपणे म्हणाल्या. "आजी, टीव्ही समोर चालू असला की मूल बघत नसलं तरी ऐकत असतं. आणि मुख्य म्हणजे घरातली माणसं त्याच्याशी कमी बोलतात. या वयाला मूल बोलणं माणसाकडून उचलतं, जो त्याला उत्तर देतो अशा माणसाकडून. सगळं त्यानेच झालंय असं मी म्हणत नाही. काही मुलं उशिरा बोलतात. महिनाभर तो बंद ठेवून बघा. मग हिला परत आणा, फरक नसेल तर पुढच्या तज्ज्ञांकडे पाठवते."

"कमी बोलतात?" मी हसले. "बाई, माझ्याबद्दल आजवर कुणी अशी तक्रार केलेली नाही."

बाहेर आल्यावर सूनबाई कोपऱ्यापर्यंत काही बोलल्या नाहीत. मला तेव्हाच कळलं. ही पोरगी भांडते तेव्हा भीती नसते, गप्प चालते तेव्हा असते.

"आई, मी लॅबजवळच्या पाळणाघरात चौकशी केली आहे. एक तारखेपासून जागा आहे. तिथे दहा मुलांना दोन बाई आहेत, दिवसभर गाणी, गोष्टी."

"आणि मी काय इथे मेलेली आहे?"

"असं कुठे म्हणाले मी?"

"दहा पोरांत दोन बाया म्हणजे एका पोराच्या वाट्याला बाईचा अर्धा हात आणि अर्धा कान. माझ्याकडे तिला अख्खी आजी आहे."

"आई, अख्खी आजी सात तास टीव्ही बघत होती."

असलं बोलणं मला माझ्या सासूनेही कधी ऐकवलं नव्हतं. पण पोरगी खोटं बोलत नव्हती, आणि खरं बोलणाऱ्याला मी उलटून बोलत नाही. फक्त त्या वेळेपुरतं.

"महिना दे," मी म्हटलं. "एक तारखेला हिने दोन शब्द जोडले नाहीत, तर मी स्वतः हिला तिथे सोडून येईन. आणि जोडले तर पाळणाघराचं नाव परत काढायचं नाही."

"आणि टीव्ही?"

"बंद."

"तुमचाही?"

"बंद म्हटलं ना!"

घरी आल्याबरोबर मी दोन मीटर जाड गडद कापड काढलं आणि टीव्हीला झगा शिवला. खाली घेर, एका बाजूला सहा मोठी बटणं. मुलाने संध्याकाळी येऊन बघितलं आणि विचारलं, "आई, याला बाह्या नाही केल्यास?" मी म्हटलं, तू जा तुझ्या दोन मजल्यांच्या मधे.

पहिला आठवडा वकिलाने घर डोक्यावर घेतलं. तो त्या झग्यासमोर बसून रडायचा. मग म्हणाला, झगा न काढता नुसता आवाज ऐकू का? मग म्हणाला, बाबांनी बघितला तर मी शेजारी डोळे मिटून बसू का? मी एकाच उत्तरावर ठाम. चौथ्या दिवशी कंटाळून त्याने चिंध्यांच्या पोत्यातून एक डोंगर रचला आणि दोघं त्यात शिरून बसली. रडणं संपलं. माझा जीव मात्र मालिकेत अडकलेला. दोन वर्षं ती पायऱ्यांवरची बाई सगळ्यांना फसवत होती, आणि आता नेमकी पकडली जायची वेळ आली होती. गल्लीतली पाववाली रोज खिडकीशी थांबून मला गोष्ट सांगू लागली. तिला मी ताकीद दिली, हळू सांग, पोरगी ऐकते.

टीव्ही बंद, शिस्त कडक. मला वाटलं, आता पोरगी फुटाण्यासारखी तडतड बोलायला लागेल. दहा दिवस झाले, बारा झाले. फ्रिजवरच्या कागदावर सातचे आठ झाले. आठवा शब्द होता "नको", आणि तो तिला येणारच होता, माझी नात आहे.

तेराव्या दिवशी शाळेच्या गणवेशांची घाई होती. टेबलावर चोवीस शर्ट. वकील चिंध्यांच्या डोंगरावर, गुंडी माझ्या पायाशी बसून बटणांचा डबा रिकामा करत होती. मी बाह्या जोडत होते. खोली कशी शांत, मशीनचा आवाज तेवढा. मान वर केली तर सूनबाई दारात. लॅब लवकर सुटली होती. मी मानेनेच टीव्हीच्या झग्याकडे खूण केली, की बघ, आहे की नाही बंद.

सूनबाई आत आल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "आई, मी दहा मिनिटं इथे उभी आहे."

मी भुवया उडवल्या.

"दहा मिनिटांत गुंडीने तुम्हाला तीन वेळा बटण दाखवलं. वर धरून, असं. तुम्ही तिच्याशी एक शब्दही बोलला नाहीत."

आता हे म्हणजे अतीच झालं. मी! मी बोलत नाही! मी तोंड उघडून चांगलं सुनावायला गेले, आणि तोंडातून आलं काय, तर "म्म्म्."

वकील डोंगरावरून हसायला लागला. "आजीच्या तोंडात टाचण्या आहेत!"

होत्या. नेहमीच असतात. चाळीस वर्षांपूर्वी ज्या मास्तरांकडे मी शिवण शिकले, त्यांनी पहिल्या दिवशी ओठांत टाचण्या धरायला शिकवलं, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मी सकाळी मशीनवर बसले की ओठांत टाचण्या जातात, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत किंवा जेवणापर्यंत बाहेर येत नाहीत. गिऱ्हाइकाशी मी बोलते, पाववालीशी बोलते, संध्याकाळी घरच्यांची बिनपाण्याने करते. त्यामुळे सगळ्या गावाला वाटतं ही बाई अखंड बोलते. मलाही तेच वाटत होतं. दिवसभर ही पोरगी माझ्या पायाशी बसून बटण वर धरायची, आणि मी नाकातून "म्म्" करायची. इतकी वर्षं खोलीत जे बोलणं ऐकू यायचं ते टीव्हीचं होतं. तो बंद केला, आणि खोलीत काहीच उरलं नव्हतं.

मी एकेक टाचणी काढून तळहातावर ठेवायला लागले. सूनबाईंना काय काय ऐकवायचं ते मनात तयार होतं. पहिली, दुसरी, पाचवी. अकरा निघाल्या. अकरावी काढली तोवर ऐकवण्यासारखं काही उरलं नाही.

"गुंडे," मी म्हटलं, "दाखव बघू ते बटण."

तिने दाखवलं. निळं होतं, चार भोकांचं. मी तिला तसं सांगितलं. पोरगी माझ्या तोंडाकडे अशी बघत राहिली की जणू मशीनच बोलायला लागलं आहे.

सूनबाई आत आल्या, पर्स ठेवली आणि पाणी प्यायल्या. वर एक शब्द बोलल्या नाहीत. हा त्या मुलीचा मोठेपणा, तेवढा मी मानते.

त्याच संध्याकाळी मी मनगटाला बांधायची टाचण्यांची उशी शिवली. चाळीस वर्षांची सवय अशी सुटते होय! दर पाच मिनिटांनी हात तोंडाकडे जायचा. मी वकिलाला सांगितलं, माझ्या तोंडात टाचणी दिसली की ओरडायचं. त्याला तर आयतंच मिळालं. "आजी, तोंड!" असं तो दिवसातून तीसदा, आणि गिऱ्हाइकांसमोर जास्त मोठ्याने. एक मास्तरीण बाई मापं द्यायला आल्या होत्या, त्या बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या होऊन स्वतःचंच तोंड पुसायला लागल्या.

आणि मी बोलायला लागले. जे करते आहे ते. "ही बाही डावी. हिला उलटी करू. आता कॉलर. कात्री कुठे गेली? तुझ्या हातात? दे इकडे, आजीची आहे. हा, शहाणी." पहिले दोन दिवस स्वतःलाच वेड्यासारखं वाटलं. मग बघितलं की पोरगी उत्तर देते. शब्दाने नाही, पण देते. डावी म्हटलं की डावीकडे बघते. मी थांबले की बाही ओढते, म्हणजे पुढे बोल. मालिकेने मला इतक्या वर्षांत एकदाही बाही ओढून पुढे काय म्हणून विचारलं नव्हतं.

माप घ्यायला बायका आल्या की गुंडी टेप घेऊन शेजारी उभी. आता माप देणारी प्रत्येक बाई पोट आत ओढते. माझं ठरलेलं वाक्य आहे. "पोट सोडा, बाई. आरशाला फसवा, टेपला नको." पोट सोडल्याशिवाय मी माप घेत नाही, कारण मग कपडा घट्ट होतो आणि बदनाम मी होते. दिवसाकाठी चारदा-पाचदा हे मी म्हणते. गुंडी ऐकायची आणि टेपचं टोक चघळायची.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरीण बाईंना फोन करून सूनबाईंनी विचारलं आणि टीव्हीला थोडी मोकळीक दिली. दुपारची झोप झाल्यावर एकच कार्यक्रम, आणि मोठ्या माणसाने शेजारी बसून बघायचा. पण नुसतं बसणं माझ्या हाडात नाही. मी एक शर्ट घेऊन बसायची. एका शर्टाला आठ बटणं. बशीत आठ मोजून ठेवायची, गुंडीने एकेक द्यायचं, मी हाताने लावायचं. बशी रिकामी झाली की टीव्हीला परत झगा. मधे मधे मी त्या कार्टूनमधल्या अस्वलाला झापायची. "अरे मूर्खा, मध तुझ्या मागे आहे!" गुंडी त्याला बोट दाखवून "मागे! मागे!" हा नववा.

एके दिवशी बसले आहे, बसले आहे, अस्वलाची एक गोष्ट संपून दुसरी सुरू झाली, आणि गुंडी बटणं देतेच आहे. मी लावतेच आहे. पुढचं लावायला गेले तर समोर काजच नाही. शर्ट उलटापालटा केला. आठ काजं, आठ बटणं लागलेली, आणि माझ्या हातात नववं. बशीत अजून तीन.

"वकील!"

"आजी, तू आठ म्हणाली होतीस. पण आठच असं नव्हतीस म्हणाली."

त्या दिवशी मी त्याला जास्तीची चारही बटणं मोजून डब्यात परत टाकायला लावली. पण खरं सांगते, पोराला डोकं आहे. कारस्थान पकडलं गेलं ते काजांमुळे, माझ्यामुळे नाही.

कागदावर शब्द वाढत होते. दे, कात म्हणजे कात्री, बाही, मागे, संपलं. पंधरा, वीस, तेवीस. पण सगळे सुटे. डबीतल्या बटणांसारखे. दोन कापडं शेजारी ठेवली म्हणजे शिवण होत नाही, मधून दोरा जावा लागतो. महिन्याचा शेवटचा रविवार आला. पाळणाघराचा फॉर्म सूनबाईंनी भरून माझ्या कापायच्या टेबलावर ठेवला होता. मुद्दाम नसेल, पण माझ्या टेबलावर ठेवलेला. मी दिवसभर त्याच्या कडेकडेने काम केलं. गुंडी पाळणाघरात रडेल असं मला वाटत नव्हतं. ती चार दिवसांत रमली असती, आणि मला नेमकं तेच नको होतं.

दुपारी सूनबाई म्हणाल्या, "आई, लॅबचा कोट उसवलाय. नवा शिवाल का?"

"ये. उभी राहा नीट."

मुलगा दारात चहाचा कप घेऊन, वकील टेबलाखाली. गुंडीने नेहमीप्रमाणे टेप आणून दिली आणि दुसरं टोक धरून उभी राहिली. खांदा झाला, बाही झाली. मी कमरेशी टेप आणली, आणि सूनबाईंनी पोट आत ओढलं. लॅबमध्ये दुसऱ्यांना "घाबरू नका, हात सैल सोडा" म्हणणारी ती, पण टेपपुढे सगळ्या सारख्या. मी बोलायला तोंड उघडलं.

"पोट सोडा, बाई!"

मी नव्हते बोलले. खालून आवाज आला होता. गुंडी एका हाताने टेपचं टोक धरून, दुसरा हात कमरेवर ठेवून, आईकडे मान वर करून बघत होती. आईने ऐकलं नाही असं वाटून तिने परत सांगितलं, या वेळी जरा चढ्या आवाजात. "पोट सोडा!"

सूनबाईंचं पोट काय, सगळंच सुटलं. त्या खाली जमिनीवर बसल्या, तोंड झाकून हसत, आणि मग नुसतंच हसणं राहिलं नाही. मुलाने कप कुठेतरी ठेवला, तो नंतर इस्त्रीवर सापडला. वकील टेबलाखालून ओरडला, "तीन शब्द झाले! दोनच लागत होते!"

"गुंडे, मी कोण?" सूनबाईंनी तिला जवळ ओढून विचारलं. "मी बाई? मी आई ना?"

गुंडीने तिच्याकडे नीट बघितलं. मग टेप पुढे केली. "आई, हात वर."

मी खुर्चीवर बसले. दिवसभर उभी होते म्हणून, दुसरं काही नाही. सूनबाईंनी उठून फ्रिजवरच्या कागदावर लिहिलं. सुट्या शब्दांची रांग सोडून खाली, मोठ्या अक्षरांत, दोन ओळी.

"आई," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ही आता तुमच्यासारखीच बोलणार का हो?"

"मग काय अस्वलासारखी बोलावी?"

"पाळणाघरातल्या बाईंना काय सांगू?"

"सांग, वाचलात म्हणावं."

फॉर्मचा कागद चांगला जाड होता. त्याच्या पाठीवर मी गुंडीच्या फ्रॉकच्या कॉलरचा नमुना आखला आणि कापायला लागले. सूनबाईंनी बघितलं, आणि कागद हलू नये म्हणून त्याचं दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या.

डॉक्टरीण बाईंकडे एक तारखेला गेलो. गुंडीने त्यांच्या टेबलावरची पट्टी उचलली आणि त्यांना मापासाठी उभं राहायला लावलं.

टीव्हीचा झगा अजून आहे. आठ बटणांची बशीही. माझी मालिका मी सोडली ती सोडलीच. मधे पाववालीला विचारलं, त्या पायऱ्यांवरच्या बाईचं काय झालं? ती म्हणाली, अजून पायऱ्यांवरच आहे, काल तिने एक पाय खाली टाकला. तेवढ्या वेळात माझ्या नातीने अख्खी भाषा उचलली.